वेंडेल बसलाय तोवर

वेंडेल ट्राइट्सला माती देऊन आल्यावर त्याच्या घरात फ्रेंच बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही. असं उघड कुणी म्हटलं नाही. पण चर्चच्या हॉलमध्ये सँडविच खाता खाता एदेसची थोरली बहीण झेलिका तिच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "चांगला होता गं बिचारा, देव त्याला शांती देवो. पण आता पत्ते खेळताना तरी तोंड आपलं राहील." एदेसने तिला कोपराने ढोसलं. नवऱ्याच्या अंगावरची माती अजून ओली होती आणि ही बया काय बोलते! पण ढोसताना एदेसला हसू आलं, हेही खरं.

आमच्या किनाऱ्यावरची ही जुनी खोड. टेबलाभोवती घरभर माणसं बसलीत, सगळी फ्रेंच, गप्पांना ऊत आलाय, आणि दारातून एकच इंग्रज आत आला, की वाक्य जिथे असेल तिथून सगळे इंग्रजीकडे वळतात. कुणी खूण करत नाही, कुणी ठरवत नाही. समोरच्याला कळत नाही अशा भाषेत बोलणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. इंग्रजांना कुणी असलं काही पाजल्याचं दिसत नाही, पण ते जाऊ द्या. कायद्याने ह्या देशाच्या भाषा दोन, आमच्या न्यू ब्रन्सविकच्या पाट्यांवर दोन्ही शेजारी शेजारी लिहितात. स्वयंपाकघरात मात्र ज्याला एकच येते, त्याची चालते.

आणि एदेसने तर असा माणूस घरातच आणून ठेवला होता. वेंडेल बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. उंच, मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्यामुळे बायकोच्या माहेरची माणसं अवघडतात हे त्याला कळायचं. "माझ्यासाठी नका थांबू, चालू द्या तुमचं," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि त्याने असं म्हटलं की कुणाचंच काही चालायचं नाही. मग तो उठायचा, "जरा शेडमध्ये जाऊन ते इंजिन बघतो," म्हणायचा आणि थंडीवाऱ्यात तासभर बाहेर बसायचा, आत बायकांना मोकळं बोलता यावं म्हणून. लग्नानंतर सुरुवातीला त्याने फ्रेंच शिकायचा प्रयत्नही केला होता. पण तो दोन शब्द बोलला की समोरचा लगेच इंग्रजीत उत्तर द्यायचा, त्याला त्रास नको म्हणून. शेवटी त्याने नाद सोडला.

तर आता तो नव्हता. आणि एदेसच्या मनात एकच गोष्ट होती, तिची नात माएली.

तिच्या स्वतःच्या मुलाचं, डॅरिलचं, जे झालं ते झालं. पाळण्यात तिने त्याला फ्रेंच अंगाई म्हटली, पण जेवणाच्या टेबलावर बाप बसलेला, म्हणजे इंग्रजी आलीच. पोरगा टेबलावर वाढला. आज तो आईशी फ्रेंच बोलतो म्हणजे ट्रक उलटा घेतल्यासारखं, दर शब्दाला मागे बघत. त्याने लग्न मात्र लामेकच्या मुलीशी केलं. त्या उत्तरेकडच्या बेटावर इंग्रजी फक्त टीव्हीत राहते. ही मिरियाम मंक्टनच्या एका इस्पितळात नर्स, बोलायला फटकळ, मनाने साफ. दिएपमधल्या त्यांच्या घरून एदेसकडे यायला अर्धा तास लागे. वेंडेल गेल्यावर घर खायला उठलं होतं, म्हणून मिरियामने स्वतःहून, पोर आजीला म्हणायची तसंच मेमेर म्हणत, विचारलं, "मेमेर, दिवसभर माएलीला सांभाळाल का? माझी अट एकच. तिच्याशी फ्रेंच आणि फक्त फ्रेंच. तिचा डॅरिल नको व्हायला."

"अगं, अट कसली घालतेस, माझ्याच मनातलं बोललीस," एदेस म्हणाली. पोर साडेतीन वर्षांची होती. ह्या वेळी हातची जाऊ द्यायची नाही, असं एदेसने मनाशी पक्कं केलं.

थंडी सुरू झाली. माएली रोज सकाळी यायची, ओट्याखाली भांडी मांडून खेळायची, बटाटे किसताना मध्ये मध्ये हात घालायची. एदेस तिच्याशी अखंड बोलायची. आणि एके दिवशी मिरियामने बूट न काढता दारातच विचारलं, "मेमेर, दिवसा टीव्ही लावता का?"

"छे. तो केव्हाचा बंद पडलाय."

"मग ही दूध इंग्रजीत कुठून मागायला लागली?"

"डॅरिलकडून शिकली असेल."

"डॅरिल घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते." मिरियामने पोरीच्या जाकिटाची चेन वर ओढली. "मी दुपारी फोन केला होता, आठवतंय? तुम्ही मागे तिच्याशी बोलत होता. इंग्रजीत."

एदेसला तोंडात मारल्यासारखं झालं. दुपारी आपण पोरीला गोष्ट सांगत होतो, ती फ्रेंचमध्ये, ह्याबद्दल ती हात उचलून शपथ घ्यायला तयार होती. "काहीतरीच काय? तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल," ती म्हणाली. मिरियामने पोरीला उचललं. पण जाताना तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

गुरुवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसायचा. झेलिका, एदेस, आणि शेजारच्या दोघी जावा, लोरिना आणि अल्व्हिना. माएली बाहेरच्या खोलीत झोपलेली. डाव रंगात होता. अल्व्हिनाने हुकूम चोरला म्हणून झेलिकाने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला होता, अल्व्हिना हसून हसून डोळे पुसत होती. आमच्या फ्रेंचमध्ये इंग्रजी शब्द एरवीही भरपूर, फ्रिकोच्या रश्श्यात जेवढे बटाटे तेवढे, त्यामुळे कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली ते चटकन कळत नाही. झेलिकाने पत्ता टाकायला हात उचलला आणि हात तसाच वर राहिला.

"थांबा गं," ती म्हणाली. "आपण इंग्रजीत का बोलतोय?"

तिघींनी पत्त्यांवरून माना वर केल्या. कारण तिने हे विचारलं होतं तेही इंग्रजीत.

लोरिनाने दाराकडे पाहिलं. मग अल्व्हिनानेही. कुणी आलं की आपसूक जिकडे नजर जाते, तिकडे. दार लावलेलं होतं. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता आणि अंगणात कुणाची पावलं उमटलेली नव्हती.

"मेल्यांनो, बोला की," झेलिका म्हणाली. तोंडातून पुन्हा इंग्रजीच आली. तिने ओठ आवळले, मान हलवली आणि परत प्रयत्न केला. एदेसला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की बाईला फ्रेंच आठवतेय, शब्द जिभेवर आहेत, पण ती भिडेने गप्प आहे. कुणासमोर तरी ते बोलणं बरं दिसणार नाही, अशी ती भीड होती.

जावांनी पत्ते खाली ठेवले आणि कोट चढवले. दोघींनाही एकदम घरची कामं आठवली. अंगणात पोचल्या पोचल्या त्यांच्या बोलण्याचा आवाज आला, भराभरा, फ्रेंचमध्ये.

"एदेस," झेलिका हळूच म्हणाली, "आपण इंग्रजी कधी बोलतो गं? एखादा इंग्रज बसलेला असतो तेव्हा." तिने टेबलाभोवती नजर फिरवली. "म्हणजे बसलाय."

घरात ना काही हललं होतं, ना वाजलं होतं, ना कुठला वास आला होता. फक्त भाषा बदलली होती.

त्यानंतर तिला त्याचा माग लागायला लागला. संध्याकाळी माएली गेली की ती एकटीच खोल्याखोल्यांतून बोलत फिरायची. निजायच्या खोलीत, "ब्लँकेट उन्हात टाकायला हवं," हे फ्रेंचमध्ये सरळ शेवटापर्यंत जायचं. जिन्यात जायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र वाक्य अर्ध्यात वळायचं. कधी तो बाहेरच्या खोलीत असायचा, मग स्वयंपाकघर मोकळं. एकदा झेलिकाशी फोनवर हेरिंग मासळीच्या दराबद्दल बोलता बोलता झेलिका एकदम म्हणाली, "आत्ता आला तो."

"कशावरून?"

"अगं ऐक ना स्वतःला."

एदेसने ऐकलं. ती इंग्रजीत बोलत होती, आणि केव्हापासून, ते तिला सांगता आलं नसतं.

तिला भीती वाटायला हवी होती. पहिले दोन दिवस वाटलीही. पण खोटं कशाला सांगा, मग बरं वाटायला लागलं. माणूस गेल्यावर घर कसं भकास होतं, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच ठाऊक. आता ती चहा करताना मुद्दाम काहीतरी बडबडायची, आणि वाक्य इंग्रजीत वळलं की म्हणायची, "आलास होय? बस." उत्तर कधी आलं नाही. जिवंतपणीही फारसं येत नसे.

प्रश्न पोरीचा होता. वेंडेलचा तिच्यावर फार जीव. शेवटच्या आजारातही ती आली की तो उठून बसायचा. आता पोर जिथे, तिथे तो. एदेस तिला घेऊन वरच्या खोलीत गेली, थोड्या वेळाने तिथे इंग्रजी. शेडमध्ये नेलं, तिथेही तेच. ती हट्टाने फ्रेंच बोलायला जायची तेव्हा कानशिलं तापायची, भर पंगतीत पाहुण्याकडे पाठ करून बसल्यासारखं वाटायचं, आणि दोन शब्दांत अवसान गळायचं. मिरियाम रोज संध्याकाळी पोरीला दारात उभी करून काही ना काही विचारायची, आणि रोज तिचा चेहरा आणखी उतरायचा.

एके दिवशी ऊन पडलं म्हणून एदेस माएलीला किनाऱ्यावर घेऊन गेली. समुद्र काठाशी गोठलेला, पलीकडे काळं पाणी. इथे उघड्यावर तरी नसेल, असं तिला वाटलं, आणि खरंच नव्हता. पोर बर्फाचे तुकडे फेकत फ्रेंचमध्ये चिवचिवत होती. समुद्राचं नाव काय, बर्फ खारट का लागतो, सील कुठे झोपतात. एदेसचा जीव भांड्यात पडला.

मग माएली बोलता बोलता थांबली. तिने मान बाजूला वळवली आणि वर पाहिलं, पार वर, उंच माणसाच्या तोंडाकडे बघताना लहान मुलांना बघावं लागतं तसं. आणि पुढचं वाक्य तिने इंग्रजीत पुरं केलं.

एदेस तिच्यापाशी वाकली. "माएली, फ्रेंचमध्ये सांग बाळ," तिला म्हणायचं होतं. तिच्याही तोंडून ते इंग्रजीतच निघालं.

"असं नाही करायचं," पोर हळू आवाजात म्हणाली. "त्याला कळत नाही ना."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एदेसलाही कुणी शिकवलं नव्हतं, डॅरिललाही नाही. असंच लागतं ते. एदेस घाबरली. वेंडेलची भीती नव्हती ती. ह्या एवढ्याशा पोरीची मान आपोआप वळली होती, आणि एकदा अशी वळायला लागली की ती जन्मभर वळते, हे ह्या किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मिरियामने पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलली. "मेमेर, वाईट वाटून घेऊ नका. दिएपमध्ये फ्रेंच पाळणाघर आहे. तिथे जागा निघालीय."

"मला थोडे दिवस दे," एदेस म्हणाली.

"बघा, आत्तासुद्धा तुम्ही माझ्याशी इंग्रजीत बोलताय. आणि मीही बोलतेय!" मिरियामचे डोळे भरून आले. "काय होतं मला ह्या घरात कोण जाणे. लामेकला आई मला काय म्हणेल? एक आठवडा. त्यानंतर मी तिला पाठवणार नाही."

दिवसभराची ती किलबिल गेली तर आपण कशासाठी उठायचं सकाळी, असं एदेसला वाटलं. तिने झेलिकाला फोन केला.

"त्याला सांग की जा म्हणून," झेलिका म्हणाली.

"माझ्याच्याने नाही व्हायचं. माझा नवरा आहे तो."

"नवराच आहे ना, मग ऐकेल. जन्मभर ऐकलंच त्याने. पाहुणे आले की उठून जायचा की नाही? तेच सांग. फादरबिदरला नको बोलावू, तो येईल, आशीर्वाद देईल आणि केक खाऊन जाईल."

शनिवारी सकाळी एदेसने टेबल पुसलं, उगाच पुन्हा पुसलं, आणि इंग्रजीत म्हणाली, "वेंडेल, ऐक. तू आता जा. रागावून नाही सांगत रे. पोरीला माझी भाषा यावी एवढंच मला हवंय, आणि तू बसलास की ती येत नाही. डॅरिलच्या वेळी मी बोलले नाही. आता बोलते. जा."

तिने फडकं पिळून वाळत टाकलं. मग तिने फ्रेंचमध्ये म्हणून पाहिलं, "आज बटाटे संपलेत, दुकानात जायला हवं." वाक्य सरळ गेलं, शेवटापर्यंत. तिने आणखी एक म्हटलं. बाहेरच्या खोलीत, जिन्यात, वर, शेडमध्ये जाऊन म्हटलं. सगळीकडे फ्रेंच. शेडमध्ये मोडक्या इंजिनांच्या मध्ये बसून ती ओक्साबोक्शी रडली. त्याने एका शब्दाने कुरकुर केली नव्हती, नेहमीसारखाच उठून गेला होता.

पण माएली सुधारली. बघता बघता पोर फ्रेंचमध्ये भांडायला लागली, रुसायला लागली, झेलिकाकडून एक शिवीही शिकली. मिरियामने पाळणाघराचं नाव काढणं सोडलं, आणि एका संध्याकाळी जाताना एदेसच्या गालांचे चांगले दणदणीत मुके घेतले. पत्त्यांचा डाव परत बसला. जावा आधी दारातून डोकावल्या, मग आत आल्या. एदेस हसायची, पत्ते वाटायची. रात्री एकटी बसली की मात्र घर कसं रिकामं वाटायचं. ती मुद्दाम बडबडून बघायची, आणि वाक्य निमूटपणे शेवटापर्यंत जायचं.

लेंटचे उपास संपत आले तेव्हा मिरियामने तिला रविवारी जेवायला बोलावलं. एदेस दिएपला पोचली तेव्हा दारातच कोंबडीच्या फ्रिकोचा वास आला, आणि आतून मिरियामचा आवाज. ती डॅरिलवर ओरडत होती, भांडी नीट लाव म्हणून. इंग्रजीत.

एदेस एका पायात बूट घेऊन तशीच उभी राहिली.

जेवताना तिने कान टवकारले. मिरियाम बोलत होती, इस्पितळातल्या गमती सांगत होती, मीठ मागत होती, सगळं इंग्रजीत. लामेकची मिरियाम! डॅरिल खुशीत होता, त्याला तेच सोपं. माएली वाडग्यातले बटाटे वेचत होती. दर दोन घासांनी ती मान वर करून टेबलाच्या एका बाजूला बघायची, आणि मग बोलायची. इंग्रजीत.

"मिरियाम," एदेस म्हणाली, "तू इंग्रजी बोलतेयस, लक्षात आलं का तुझ्या?"

"मी?" मिरियाम खळखळून हसली. "मेमेर, काहीतरीच! ह्या घरात मी इंग्रजी चालू देईन?" आणि हेही ती इंग्रजीत म्हणाली. एदेसने विचारलं होतं तेही इंग्रजीतच.

तिने त्याला जा म्हटलं होतं. कुठे, ते सांगितलं नव्हतं. बायकोने घराबाहेर काढलेला म्हातारा कुठे जाणार? मुलाकडे. आणि आपल्याकडे पोर फक्त दिवसा असायची. इथे तिची रात्र होती, आंघोळ होती, अंगाई होती. इथे तिची आईसुद्धा बुडाली होती, आणि बुडतोय हे तिला कळतही नव्हतं. महिनाभरात ह्या घरात फ्रेंच औषधालाही राहिली नसती.

एदेसने वाडगा रिकामा केला, कारण अन्न टाकायची तिला सवय नव्हती. तेवढ्या वेळात तिने सगळं ठरवलं. त्याला इथून हलवायचं तर न्यायला आपलंच घर आहे. तो आपल्या घरी असला तर पोर तिथे येऊ शकणार नाही. आणि ह्या वेळी त्याला परत कुठे घालवता येणार नाही, कारण तो पुन्हा इथेच येईल.

निघताना तिने कोट घातला, बुटाच्या नाड्या बांधल्या आणि जेवणाच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "चल रे. घरी चल."

"कुणाला म्हणतेयस, मॉम?" डॅरिलने विचारलं.

"कुणाला नाही. सवय आहे."

गाडीचं पलीकडचं दार तिने उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि मग लावलं. वाटेत तिने फ्रेंचमध्ये काही म्हणून बघितलं नाही. घराच्या वळणावर मात्र तोंडातून निघून गेलं, "दिवा चालूच राहिला वाटतं," आणि ते इंग्रजीत निघालं. तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि रडूही आलं.

"माझ्यापासून परत लांब नको जाऊस," ती त्याला म्हणाली. "जिथे मी, तिथे तू. कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मिरियामला फोन केला. माएलीला पाळणाघरात घाल, माझे गुडघे दुखतात, असं सांगितलं. पलीकडून मिरियाम स्वच्छ, खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणाली, "मेमेर, इतकं छान चाललं होतं, आणि तुम्ही परत इंग्रजी सुरू केलीत? माझ्याशीसुद्धा? का?"

काय सांगणार? "म्हातारी झाले गं," एदेस म्हणाली. मिरियाम दुखावली. फोन ठेवल्याचा आवाज जरा जोरातच आला.

एदेस दिएपला जायची बंद झाली. ती गेली तर तोही येणार, आणि तासाभरासाठी का होईना, ते टेबल परत वळणार. ते तिला नको होतं. बोलावणं आलं की गुडघे पुढे करायची. डॅरिल एकटा येऊन बर्फ उपसून द्यायचा. तो सांगायचा की माएली आता घरात त्याच्याशीही फ्रेंचच बोलते आणि त्याच्या चुका काढते. "तीन शब्द बोललो की दोन दुरुस्त करते गं," तो कौतुकाने म्हणायचा. एदेसचा ऊर भरून यायचा. ती वेंडेललाही सांगायची, ऐकलंस का, म्हणून.

बर्फ गेला, बोटी पाण्यात उतरल्या. झेलिका पत्ते खेळायला यायची, एकटीच, आणि शिव्या घालत घालत इंग्रजीत खेळायची. "तुझ्या नवऱ्यापायी माझं मरणसुद्धा इंग्रजीत होणार," म्हणायची. पण यायची.

जूनमध्ये एका संध्याकाळी फोन वाजला. माएली होती. पाळणाघराच्या सहलीत खेकडा बघितला, त्याने पावलो नावाच्या पोराला चावलं, पावलो रडला, मी नाही रडले, असं सगळं एका दमात, फ्रेंचमध्ये. एक शब्दही बाहेरचा नव्हता. एदेसने डोळे मिटून ते ऐकून घेतलं. शब्द न् शब्द तिला कळला.

"शूर आहे हो माझी राणी," ती म्हणाली. "मला तुझी फार आठवण येते."

मग फोनपासून लांब गेलेला पोरीचा आवाज आला, "मामां, मेमेर काय म्हणते? मला कळत नाही."

मुलांची भाषा येते तशी पटकन जातेही. मिरियामचा आवाज आला. ती पोरीला फ्रेंचमध्ये समजावून सांगत होती, तू शूर आहेस असं म्हणते, तिला तुझी आठवण येते असं म्हणते. एदेसने कान देऊन ऐकलं. मिरियामने काही गाळलं नव्हतं.

"मग तिला सांग," माएली म्हणाली, "की मलाही येते. आणि गुडघे बरे झाले की ये म्हणावं. मी तिला माझी जागा देईन."

"मेमेर," मिरियाम फोनवर आली. "ती काय म्हणाली ते कळलंच असेल ना तुम्हाला?"

एदेसला कळलं होतं. पण जे आपल्यालाच कळतं ते दुसऱ्यासमोर एकट्याने ठेवून घेणं बरं दिसत नाही, आणि माएली वेंडेलचीही नात होती.

"नाही," एदेस इंग्रजीत म्हणाली. "जरा इंग्रजीत सांग. सगळं सांग."